खाऱ्या पाण्यातली सुरी: साधी की दातेरी?

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी हिंजवडीहून बोलतेय, इथल्या महिला बचत गटांची समन्वयक. आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी हसतील. विषय आहे सुरी. खाऱ्या पाण्यात वापरायची सुरी साध्या धारेची घ्यावी की दातेरी?

हिंजवडीला समुद्र कुठून आला, असं विचाराल. समुद्र नाही आला, पण समुद्राचं काम आलंय. आमच्या एका गटाचा मासे साफ करून, कापून, मसाला लावून द्यायचा धंदा आहे. आयटी पार्कातली मंडळी संध्याकाळी दमून घरी येतात. त्यांना बांगडा खायचा असतो, पण साफ करायचा नसतो. तेच आमचं गिऱ्हाईक. मासा बर्फातून येतो आणि त्याचं खारं पाणी दिवसभर आमच्या हातावर आणि सुरीवर असतं. दुसरा गट लोणची घालतो. तिथे कैऱ्या, लिंबं, मिठाच्या पाण्यातल्या मिरच्या. म्हणजे मीठ आमच्याही पाचवीला पुजलेलं आहे.

आणि माझं माहेर दापोली तालुक्यातलं, समुद्राकाठचं. वडील होडीवर जायचे, आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. सासर इकडे मुळशी तालुक्यात, भातशेतीचं. त्यामुळे आईची विळी आणि सासूबाईंचा विळा, दोन्ही माझ्या हातांखालून गेलेत. एवढं असूनही सुरी घेताना मी चूक केली. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मासेवाल्या गटाला कर्ज मिळालं. त्यातून टेबल, वजनकाटा, बर्फाच्या पेट्या घेतल्या. सुऱ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला बैठक, आणते मी. दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही दातेरी घ्या. खाऱ्या पाण्यासाठीच आहे. गंजणार नाही, आणि धार लावायची कटकटच नाही." दिसायला सुंदर, चकचकीत. मी बारा सुऱ्या घेतल्या आणि बैठकीत नेऊन ठेवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला महिना बरा गेला. मग तक्रारी सुरू झाल्या. बांगड्याचे तुकडे कडेला फाटायचे. रश्शात घातले की मांस सुटून यायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, मासा शिळा आहे का? मासा ताजाच होता, पण आमची सुरी तो कापत नव्हती, ओरबाडत होती. दुसऱ्या महिन्यात दात्यांच्या बुडाशी तांबूस ठिपके दिसायला लागले. तिसऱ्या महिन्यात सुऱ्या बोथट झाल्या. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याला दाखवल्या, तर तो म्हणाला, "ताई, हे माझ्या चाकावर धरलं तर दाते जातील."

आणि मग व्हायचं ते झालं. आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या ताई सुरमई कापत होत्या. सुरी काट्यात अडकली. बोथट सुरी म्हणून त्यांनी जोर लावला. ती सटकली आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या मुळाशी घुसली. साध्या सुरीची जखम सरळ असते, दोन्ही कडा जुळतात. ही जखम वेडीवाकडी, फाटलेली. सात टाके पडले. डॉक्टरांनी तीन आठवडे ओल्यातलं काम बंद सांगितलं. दवाखान्याचा खर्च गटाने केला, पण तीन आठवड्यांची कमाई गेली ती गेलीच. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

पुढच्या बैठकीला त्या बांधलेला हात घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, सुरी आम्ही धरणार होतो. आम्हाला एकदा विचारायचं होतं." मैत्रिणींनो, त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री मी गावोगाव शिकवत फिरते. आणि बारा सुऱ्यांचा ठराव मी बैठकीत मांडला नव्हता.

त्यानंतर माहेरी गेले तेव्हा त्यातली एक सुरी पिशवीत घालून नेली. आईने ती हातात घेतली, दात्यांवरून हलकेच अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाली, "बाय, ही दोर कापायची सुरी. मासे कापायला कोणी दिली तुला?"

सगळं उत्तर या एका वाक्यात होतं. आता ते उलगडून सांगते.

दातेरी पातं काय करतं, हे मुळशीतल्या बायकांना वेगळं सांगायला नको. भात कापायला आपण वैभव विळा वापरतो, त्याला बारीक दाते असतात. भाताची काडी गुळगुळीत, चिवट. साधा विळा तिच्यावरून सटकू शकतो. दातेरी विळ्याचे दाते काडीला धरतात, आपण ओढतो आणि चूड कापली जाते. दात्याचं टोक बारीक, त्यामुळे हाताचा सगळा जोर त्या टोकावर येतो. दोन दात्यांमधली खाच मात्र आत असते. ती खाली पाटाला, दगडाला टेकत नाही, म्हणून बरेच दिवस धारदार राहते. दातेरी सुरीला रोज धार लावावी लागत नाही, हे दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं त्याने सांगितलं नाही. एकदा का ती बोथट झाली, की घरच्या दगडावर तिला धार लावता येत नाही. एकेका खाचेत काडीएवढी गोल कानस घालून ती घासावी लागते. बारा सुऱ्या, प्रत्येकीला तीस-चाळीस दाते. करा हिशेब.

म्हणजे जिथे वस्तू चिवट आहे, गुळगुळीत आहे आणि कापलेली कड कशी दिसते याला महत्त्व नाही, तिथे दाते कामाचे. ओला दोर, जाळं, गोणपाट, प्लॅस्टिकची पट्टी. घरात म्हणाल तर पाव, किंवा पिकलेला टोमॅटो.

मासा याच्या उलट आहे. मासा मऊ, त्याचे पदर पातळ. त्याला एका ओढीत, सरळ कापलेलं हवं. कड साफ असली की तुकडा रश्शात टिकतो, मसाला सारखा लागतो, तव्यावर सुटत नाही. खारवायचा बांगडा पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडतात आणि मीठ भरतात. तिथे तर चीर सरळच हवी, नाहीतर फाटलेल्या भागात पाणी साचतं, तो नीट सुकत नाही आणि तिथूनच वास धरतो. शिवाय दात्यांच्या खाचांत मांसाचे कण अडकतात. दिवसाला पन्नास मासे कापणाऱ्या बाईला प्रत्येक खाच घासून स्वच्छ करायला वेळ कुठला? म्हणून मासे, कोळंबी, मटण, कैरी, लिंबू, या सगळ्याला साधं पातं. आपली विळी बघा. कोणी तिला विळी म्हणतं, कोणी मोरळी, कोणी आदोळी. नाव काहीही असो, चिरायच्या पात्याला दाते नाहीत. खोबरं खवायला दाते दिलेत, पण ते वेगळे, टोकाला. आपल्या आज्यांनी एकाच अवजारात दोन्ही कामं नीट वेगळी केली होती. माझ्या डोक्यात तो विचार आला नाही.

मग दातेरी सुरी वाईट का? अजिबात नाही. आता माझ्या वडिलांची गोष्ट सांगते.

मी सातवीत होते. नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते. वडील आणि काका छोट्या होडीवर जाळं सोडत होते. जाळं पाण्यात जायला लागलं की त्याचा दोर सरसर पळतो. तळाशी पडलेल्या दोराच्या फासात वडिलांचा घोटा सापडला. जाळ्याचं वजन आणि पाण्याची ओढ, दोन्ही मिळून त्यांना होडीबाहेर खेचायला लागली. त्यांनी होडीची कड धरली. काकांच्या हाताशी मासे कापायची सुरी होती, साधी, खूप घासून गुळगुळीत धार केलेली. पण ओला नायलॉनचा दोर. सुरी त्याच्यावरून सटकली. दुसऱ्यांदा सटकली. तिसऱ्यांदा थोडी घुसली आणि चौथ्या वेळी दोर तुटला. वडील वाचले. घोट्याची कातडी सोलून निघाली होती. ते चार महिने लंगडत होते आणि तेवढे दिवस घर आईच्या पाटीवर चाललं.

त्यानंतर त्यांच्या होडीत एक दातेरी सुरी आली. टोक बोथट केलेली, मुठीला दोरी बांधलेली, होडीच्या कडेला हात जाईल तिथे अडकवलेली. तिने कधी मासा कापला नाही, कांदा कापला नाही. तिचं काम एकच. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत वडील ती सुरी काढून साफ करायचे, तेल लावायचे आणि जुन्या दोराच्या तुकड्यावर कापून बघायचे. दोर एका ओढीत तुटला तरच ती पुन्हा होडीत जायची.

टोक बोथट का, तर हलत्या होडीत टोकदार सुरी स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या पोटात जाऊ शकते. दोर कापायला टोक लागत नाही.

ही गोष्ट पुरुषांपुरती राहिलेली नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायला नेतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या खाड्यांमध्ये महिला गटांनी कालवं, शिणाणे, खेकडे वाढवायचं काम हातात घेतलेलं आहे. शिणाण्यांचं बी दोराभोवती सुती जाळीत गुंडाळतात आणि बांबूच्या मांडवाला खारट पाण्यात लटकवतात. काही दिवसांत सुती जाळी कुजून जाते, तोवर शिंपल्यांनी स्वतःच्या धाग्यांनी दोर घट्ट धरलेला असतो. हे सगळं काम ओल्या दोराचं. अशा गटाच्या होडीत दातेरी सुरी असायलाच हवी. ती जीव वाचवायची वस्तू आहे.

आता दुसरा प्रश्न. खाऱ्या पाण्यात कोणती सुरी कमी गंजते, साधी की दातेरी? इथे माझा मोठा गैरसमज होता. गंजणं धारेच्या आकारावर फारसं ठरत नाही. ते ठरतं पोलादावर, आणि त्याहून जास्त आपल्या धुण्या-पुसण्यावर.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ लोखंडाचं गंजणं वाढवतं. स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात क्रोमियम मिसळलेलं पोलाद. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होते. त्या खटपटीत त्यांना हे न गंजणारं पोलाद सापडलं आणि पुढे त्याच्या सुऱ्या झाल्या. या पोलादावर क्रोमियमचा एक अदृश्य पापुद्रा तयार होतो, तो आतल्या लोखंडाला सांभाळतो. पण मीठ त्या पापुद्र्याला जागोजागी भोकं पाडतं. तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून 'स्टेनलेस आहे, गंजणार नाही' यावर विसंबू नका. ती साध्या लोखंडापेक्षा कमी गंजते, एवढंच.

दातेरी सुरीचा तोटा इतकाच, की खाचांत खारं पाणी साचून राहतं आणि फडकं तिथवर पोचत नाही. आमचे तांबूस ठिपके तिथेच होते. पण साधी सुरीही खारट ठेवली तर काहीही न कापता बोथट होते. धार म्हणजे पात्याचा सगळ्यात पातळ भाग. गंज आधी तिलाच खातो.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ जणी सुरी नुसती पुसून ठेवतात. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी ओलसर होते, आठवा. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पुसलेल्या सुरीवर मिठाचा पातळ थर राहतो, रात्रभर हवेतली ओल ओढतो आणि सकाळी डाग दिसतो. म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवायची, मग पुसायची. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं, तरी एका सुरीला एक तांब्या पाणी पुरतं.

आता खरेदीचं सांगते. पाच गोष्टी बघा.

पहिली, ही सुरी काय कापणार आहे? खाण्याची वस्तू असेल तर साधं पातं. दोर, जाळं असेल तर दातेरी. अर्धं साधं आणि अर्धं दातेरी असंही पातं मिळतं. होडीत एकच सुरी ठेवायची असेल तर ते चालेल. पण मासे कापायला घेऊ नका. पातं आखूड, त्यात धार अर्धीच मिळते.

दुसरी, जवळ एक छोटं चुंबक ठेवा. धार टिकणारं सुरीचं पोलाद बहुतेक वेळा चुंबकाला चिकटतं. चुंबक अजिबात चिकटलं नाही, तर ती सुरी बहुधा आपल्या भांड्यांच्या स्टीलची असते. गंजेल कमी, पण धार टिकणार नाही. मात्र चुंबक चिकटलं म्हणजे सुरी चांगलीच, असंही नाही.

तिसरी, मूठ. लाकडी मूठ ओल्यात फुगते, चिरते आणि पातं मुठीत जिथे शिरतं तिथे खारं पाणी मुरतं. बाहेरून चकचकीत दिसणारी सुरी आतून गंजून एक दिवस मुठीतून निसटते. फट नसलेली, पात्यावरच ओतून बसवलेली खरखरीत प्लॅस्टिकची मूठ घ्या. ओल्या, तेलकट हाताने धरून बघा. दुकानात हात ओला करायला लाजू नका.

चौथी, हाताचं माप. पुरुषी पंजाच्या मापाची जाड मूठ आपल्या हातात फिरते. जी बाई कापणार आहे तिलाच धरायला द्या.

पाचवी, धार कोण लावणार? गटात कोणाला जमत असेल, तरच सुरी आपली. नाहीतर ती धारवाल्याची.

आता धार लावण्याबद्दल. हे अवघड नाही, विळा पाजवणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. दुकानात दोन बाजूंचा धारेचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, एक मऊ. दगड पाण्यात भिजवा आणि खाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे तो हलणार नाही. पातं दगडावर आडवं ठेवा आणि त्याची पाठ करंगळीच्या जाडीएवढी उचला. तोच कोन धरून मुठीपासून टोकापर्यंत सरकवा. एका बाजूने दहा वेळा, दुसऱ्या बाजूने दहा वेळा. खरखरीत बाजूवर आधी, मऊ बाजूवर नंतर. धारेवरून बोट लांबीने फिरवायचं नाही. वर्तमानपत्राचा कागद उभा धरा आणि त्यावर सुरी ओढून बघा. सरसर कापला तर झाली धार. फाटला तर पुन्हा दगडावर.

आईने मला एक युक्ती सांगितली. सुरमईसारख्या मोठ्या माशाची जाड, बुळबुळीत कातडी कापायची असेल तर खरखरीत बाजूवरच थांबायचं, मऊ बाजूवर फार घासायचं नाही. त्या धारेला डोळ्याला न दिसणारे बारीक दाते राहतात. ते कातडी धरतात, पण मांस फाडत नाहीत. काकांची सुरी दोरावरून का सटकली, ते मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळलं. आई म्हणाली, "धार हाताला कळते, डोळ्याला नाय."

धारवाल्याच्या चाकाबद्दल एक सांगते. ठिणग्या उडेपर्यंत पातं कोरडं दाबून धरलं की धार तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही. त्याला सांगा, दादा, हलक्या हाताने आणि मधेमधे पाण्यात बुडवून.

रोजची काळजी अशी. काम संपलं की सुरी लगेच गोड्या पाण्याने धुवा, साबण लावा आणि कोरड्या फडक्याने धारेच्या उलट्या बाजूने पुसा. खाऱ्या पाण्याच्या बादलीत किंवा पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात बुडवून ठेवू नका. मिठाच्या पाण्यात पितळेला चिकटलेलं लोखंड जास्त लवकर गंजतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी पात्याला बोटभर खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल पुसा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, त्यात मीठ आणि ओल धरून राहते. डाग पडलाच तर चिंचेने घासा, धुवा, पुसा, तेल लावा. दातेरी सुरी असेल तर जुना दात घासायचा ब्रश ठेवा आणि प्रत्येक खाच घासा.

आणि हाताला लागलं तर? स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चुन्याने जखम झाकू नका. खोल असेल तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. समुद्राच्या पाण्यात आणि माशांवर काही जंतू असे असतात, की जखमेतून शिरले तर हात झपाट्याने सुजतो. लाली पसरत असेल, फार ठणकत असेल, ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असलेल्या बाईने तर आणखीच. डॉक्टरांना सांगायचं, मी माशाच्या खाऱ्या पाण्यात काम करते.

शेवटी आमच्या गटाने काय केलं ते सांगते. पुढच्या खरेदीला आम्ही चौघी गेलो. त्यात टाके पडलेल्या त्या ताई होत्या. त्यांनीच निवडल्या. आठ साध्या सुऱ्या, एक धारेचा दगड. ठराव वहीत लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. आता आठवड्याच्या बैठकीत बचतीची वही मिटली की दगड निघतो. पाळीपाळीने दोघी धार लावतात, बाकीच्या कागदावर तपासतात. पाव तासाचं काम. तेव्हापासून बांगड्याची तक्रार आली नाही आणि कोणाच्या हाताला टाका पडलेला नाही.

त्या बारा दातेरी सुऱ्यांचं काय झालं? फेकल्या नाहीत. कर्जाचे पैसे होते ते. तीन ठेवल्या, बर्फाच्या पेट्यांच्या दोऱ्या, गोण्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायला. त्यांच्या मुठीला लाल चिंधी बांधली आहे, म्हणजे घाईत कोणी मासा कापायला उचलणार नाही. बाकीच्या मी स्वतः गोल कानस घेऊन रोज रात्री दोन-दोन घासल्या, टोकं बोथट केली आणि माहेरी पाठवल्या. काकांचा मुलगा आता होडी चालवतो. त्याने त्या आजूबाजूच्या होड्यांवर वाटल्या. प्रत्येक मुठीला दोरी बांधून, हात जाईल तिथे.

तर मैत्रिणींनो, खाण्याच्या वस्तूला साधं पातं, ओल्या दोराला दातेरी, आणि दोन्हींना कामानंतर गोडं पाणी. आज रात्री भांडी झाली की आपल्या घरातली सुरी उजेडात धरून बघा. धारेवर कुठे पांढरी रेघ चमकत असेल, तर तिथे ती बोथट झाली आहे. तिला उद्याच धार लावा. आणि गटासाठी काही घ्यायचं असेल, मग ती सुरी असो, शिलाई मशीन असो की गिरणी, ज्या बाईच्या हातात ती जाणार आहे तिला आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.